पोराचा अर्ज माणसाआधी यंत्र वाचते

आज या पानावर पिकाचा विषय नाही आणि पाण्याचाही नाही. तरीही विषय तुमच्या घरातलाच आहे. बाजारच्या दिवशी टपरीवर चहाला बसलात की तुम्हीच एकमेकांना विचारता, "पोराचं काय झालं?" उत्तर ठरलेले असते, "अर्ज टाकलेत, बघू." या 'बघू'मध्ये वर्ष निघून जाते. मग बाप म्हणतो, आपला वशिला नाही. आई म्हणते, ग्रह बरे नाहीत. आणि एखादा भला माणूस कानाशी लागून सांगतो की, अमुक एक जण ओळखीचा आहे, थोडे पैसे सोडले तर काम होईल.

वशिल्याची गोष्ट मी नाकारत नाही. ती कालही होती, आजही आहे. परंतु पुष्कळ अर्जांच्या बाबतीत त्याहून साधी गोष्ट घडते आणि ती आपल्याला ठाऊकच नसते. तो अर्ज कुणा माणसाच्या नजरेखालून गेलेलाच नसतो. मोठ्या कंपन्यांत आता अर्जाचा पहिला वाचक माणूस नाही, संगणकातली एक प्रणाली आहे. तिला एटीएस म्हणतात. आलेले अर्ज गोळा करायचे, त्यातले नाव, शिक्षण, अनुभव वेगवेगळे काढून रकान्यांत भरायचे आणि साहेबाने मागितले तसे अर्ज वर-खाली लावून द्यायचे, हे तिचे काम.

माझ्या भाच्याचेच उदाहरण सांगतो. पोरगा आयटीआयमधून टर्नर झाला. दोन वर्षांचा कोर्स, गुण चांगले. नंतर चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये पावणेदोन वर्षे सीएनसी लेथवर काम केले. ऑर्डरी कमी झाल्या तेव्हा मालकाने चार पोरे कमी केली, त्यात हा एक. घरी येऊन बापाबरोबर डाळिंबाच्या बागेत लागला. सात महिन्यांत मोबाईलवरून आणि तालुक्याच्या दुकानातून मिळून त्याने साठाच्या वर अर्ज टाकले. चाकण, रांजणगाव, छत्रपती संभाजीनगर, काही सोडले नाही. एकाचेही उत्तर नाही. नकारही नाही. नकार आला असता तरी पोराला बरे वाटले असते.

त्यातच एक एजंट भेटला. साठ हजार मागत होता. आमच्या बहिणीने गळ्यातले मोडायची तयारी केली होती. मी म्हटले, महिनाभर थांब.

"त्याला डोळे कुठं आहेत?"

आमच्या नात्यातले एक गृहस्थ चाकणकडच्या एका कारखान्यात भरतीच्या विभागात आहेत. एका लग्नाच्या निमित्ताने पुण्याला गेलो होतो, तेव्हा रविवारी भाच्याला घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी लॅपटॉप उघडला, पोराची फाईल त्यांच्या प्रणालीत चढवली आणि म्हणाले, "आमच्या पडद्यावर तुमचा मुलगा कसा दिसतो, ते बघा."

बघितले. नावाच्या रकान्यात लिहून आले होते, 'बायोडाटा'. फोनचा रकाना कोरा. शिक्षणाच्या रकान्यात वर्ष, टक्के, शाळा आणि बोर्ड यांची खिचडी. अनुभव शून्य. आणि कौशल्ये कोणती? तर 'क्रिकेट, वाचन'.

भाचा काही बोलला नाही. मीच म्हटले, "अहो, पण कागदावर तर सगळं स्पष्ट दिसतंय!"

"भाऊ, तुम्हाला दिसतंय," ते म्हणाले. "त्याला डोळे कुठं आहेत?"

मग त्यांनी एकेक गोष्ट उलगडून दाखवली. हा बायोडाटा तालुक्याच्या एका दुकानात केलेला. दुकानदाराकडे एकच नमुना. त्याला वेलबुट्टीची चौकट, वर मोठ्या अक्षरांत 'बायोडाटा', उजवीकडे फोटो, आणि पानाच्या अगदी वरच्या पट्टीत नाव व मोबाईल नंबर. टायपिंग करणारे या पट्टीला हेडर म्हणतात. अर्ज वाचणाऱ्या काही प्रणाली ही पट्टी वाचतच नाहीत, त्या मधला मजकूरच घेतात. नाव-नंबर तिथेच राहिला. शिक्षण चौकटींच्या तक्त्यात घातलेले. माणूस तक्ता आडवा-उभा दोन्ही वाचतो. प्रणाली कधी कधी एका रकान्यातला शब्द दुसऱ्याला चिकटवते. पानाचे दोन उभे भाग करून डावीकडे एक, उजवीकडे दुसरे लिहिले तर दोन्हींच्या ओळी एकमेकींत मिसळण्याचा धोका असतो. अनुभवाच्या जागी काय लिहिले होते? 'मशीन ऑपरेटर, अंदाजे २ वर्षे.' कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, ते नाही. प्रणाली तारखांवरून हिशेब करते. तारीख नाही, तर अनुभव शून्य.

आणि सगळ्यांत वाईट गोष्ट. या कारखान्याची जाहिरात 'सीएनसी टर्निंग ऑपरेटर'ची होती. साहेब शोधताना 'सीएनसी' हाच शब्द टाकतो. पोराच्या साऱ्या कागदात 'सीएनसी' हा शब्द एकदाही नव्हता. पावणेदोन वर्षे त्याच मशीनवर उभे राहून पाय सुजवून घेतले आणि कागदावर नुसते 'मशीन'!

सांगोल्याकडे डाळिंबाच्या प्रतवारीचे यंत्र तुम्ही पाहिले असेल. फळ पट्ट्यावरून पुढे सरकते आणि वजनाप्रमाणे आपापल्या खणात पडते. दाणा किती गर्द आणि रस किती गोड, हे त्या काट्याला कळत नाही. त्याला जे मोजायला सांगितले तेवढेच ते मोजते. दुसरे उदाहरण पीएम-किसानचे घ्या. २०१९ पासून वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत. त्या हप्त्यासाठी आधारवरचे नाव एक आणि बँकेतले दुसरे, म्हणून किती जणांनी किती खेटे घातले! पांडुरंगातला 'डु' ऱ्हस्व की दीर्घ, यावरून माणूस बदलत नाही, हे तुम्हा-आम्हाला कळते. यंत्राला ते शिकवावे लागते. अर्जाचे तेच आहे.

सेवायोजनच्या कार्डापासून इथपर्यंत

पन्नाशीच्या वाचकांना सेवायोजन कार्यालयाचे कार्ड आठवत असेल. जिल्ह्याच्या गावी जाऊन रांगेत उभे राहायचे, नाव नोंदवायचे, मुदत संपली की नूतनीकरण करायचे आणि पोस्टमनची वाट पाहायची. १९५९ च्या कायद्याने कारखान्यांना रिकाम्या जागा या कार्यालयांना कळवणे बंधनकारक केले होते. कार्डाने नोकरी किती जणांना मिळाली हा वेगळा विषय. पण तिथे निदान खिडकीपलीकडे माणूस बसलेला असे, त्याला दोन शब्द बोलता येत.

अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीसच कागदी अर्ज स्कॅन करून संगणकाला वाचायला लावणारी प्रणाली निघाली होती. आपल्याकडे १९९७ साली नोकरी डॉट कॉम सुरू झाले आणि अर्ज हळूहळू कागदावरून पडद्यावर गेले. आता एका जागेसाठी बसल्या जागी अर्ज करता येतो. याचाच अर्थ असा की तुमच्या मुलासारखी हजार मुलेही बसल्या जागी अर्ज करतात. भरती विभागात माणसे दोन-चार. हजार कागद वाचायचे कुणी? म्हणून ही चाळण आली. कंपनीने ती दुष्टाव्याने आणली असे मी म्हणणार नाही. पण चाळणीची भोके कुणी आणि किती मोठी पाडली, हे विचारायला हवे.

२०२१ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर कंपनीने अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतील कंपन्यांची पाहणी केली. त्यात ८८ टक्के कंपन्यांनी कबूल केले की, काम करू शकणारे चांगले कुशल उमेदवारही जाहिरातीतल्या अटींशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून बाहेर पडतात. जवळपास निम्म्या कंपन्या कामात सहा महिन्यांपेक्षा जास्त खंड दिसला की अर्ज गाळत होत्या. मग तो खंड बाळंतपणाचा असो की आजारपणाचा. हा खंडाचा मुद्दा आपल्या पोरांना फार लागू आहे, त्याकडे पुढे येतोच.

इथे एक खुलासा करतो. 'शंभरातले पंच्याहत्तर अर्ज यंत्रच कचऱ्यात टाकते' असे तुम्ही मोबाईलवर वाचले असेल. या आकड्याला भरवशाचा आधार नाही. बहुधा अर्ज लिहून देण्याचा धंदा करणारेच तो पुढे करतात. वस्तुस्थिती अशी की, यंत्र बहुतेक वेळा अर्ज फेकत नाही, खाली लावते. साहेब वरचे चाळीस-पन्नास वाचतो आणि जागा भरली की थांबतो. कांद्याच्या लिलावात व्यापारी ढिगाच्या वरचा माल हातात घेऊन बोली लावतो, तसेच. तळातला कांदा चांगला असूनही उपयोग होत नाही.

सरळ बाद होण्याची जागा वेगळी आहे. अर्ज भरताना चार-पाच प्रश्न येतात. पाळीत काम कराल का? दुचाकी व लायसन आहे का? गाव सोडून येण्याची तयारी आहे का? किती दिवसांत हजर व्हाल? पोरे घाईत काहीही टिचकी मारतात. इथे मात्र चुकीच्या 'नाही'ने अर्ज खरोखरच तिथल्या तिथे बाद होऊ शकतो. हे प्रश्न सावकाश वाचून भरायचे. रात्री अकराला, झोपेच्या भरात नव्हे.

मग करायचे काय?

प्रथम दुकानातल्या वेलबुट्टीच्या नमुन्याला नमस्कार करा. साधा पांढरा कागद, एकाखाली एक ओळी, तक्ता नाही, चौकट नाही. खासगी कारखान्याला फोटो, जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, रास-नक्षत्र असले काही लागत नाही. (हसू नका, लग्नाच्या बायोडाट्यातच दोन ओळी बदलून पाठवलेले अर्ज मी स्वतः पाहिले आहेत.) पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत मोबाईल व ई-मेल. तेही पानाच्या मजकुरात, वरच्या पट्टीत नको. त्याखाली अनुभव, मग शिक्षण, मग येणारी कामे. हे मथळे नेहमीचेच ठेवा. 'माझा प्रवास' वगैरे काव्य नको, यंत्र 'अनुभव' आणि 'शिक्षण' हेच शब्द हुडकते.

कंपनीकडे जाणारा अर्ज बहुधा इंग्रजीत लागतो, सोपी इंग्रजी चालते. पण कुठे मराठीत द्यायचा झाला तर तो युनिकोडमध्ये टाईप केलेला हवा. अजून पुष्कळ दुकानांत श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या वळणाच्या फाँटांत टायपिंग होते. कागदावर ते सुरेख दिसते, पण आत संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची मोळी असते. वर्तमानपत्राच्या धंद्यात आम्ही ही डोकेदुखी वर्षानुवर्षे सोसली आहे.

फाईल यंत्राला वाचता येते की नाही, हे घरी तपासता येते. त्याला पैसा लागत नाही. फाईल मोबाईलवर किंवा संगणकावर उघडा, सगळा मजकूर बोटाने किंवा माऊसने निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. ओळी त्याच क्रमाने, नाव-नंबरासह आल्या तर बरे. उलटसुलट आल्या तर यंत्रालाही तशाच दिसणार. आणि काहीच निवडले जात नसेल तर ती फाईल म्हणजे नुसते छायाचित्र आहे. पुष्कळ पोरे बायोडाट्याचा छापील कागद मोबाईलने फोटो काढून पीडीएफ करून पाठवतात. काही प्रणाली चित्रातली अक्षरेही वाचतात, पण त्या भरवशावर राहू नये. मूळ टाईप केलेल्या फाईलवरूनच पीडीएफ करावी, किंवा जाहिरातीत वर्डची फाईल मागितली असेल तर तीच द्यावी.

आता शब्दांचे. जाहिरात हातात घ्या आणि तिच्यातले कामाचे शब्द खाली रेघ मारून काढा. त्यांतले जे तुम्हाला खरोखर येते, ते त्याच शब्दांत लिहा. भाच्याच्या कागदावर आम्ही लिहिले: सीएनसी टर्निंग, फॅनुक कंट्रोल, टूल ऑफसेट देणे, इन्सर्ट बदलणे, ड्रॉइंग वाचणे, व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज. हे सगळे त्याला येत होते. त्याला वाटायचे, यात सांगण्यासारखे काय, हे तर रोजचेच! काही शब्दांची दोन रूपे असतात. कुणी 'व्हीएमसी' शोधतो, कुणी 'व्हर्टिकल मशीनिंग सेंटर'. दोन्ही एकदा लिहावीत. ट्रेडचे नाव प्रमाणपत्रावर आहे तसेच पूर्ण लिहावे. महिना आणि वर्ष प्रत्येक ठिकाणी द्यावे.

कृषी पदवीधर मुला-मुलींचे तर मला नवल वाटते. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या विद्यापीठांतून शिकलेली मुले बियाणे, खते, ठिबक, ट्रॅक्टर, बँक अशा कंपन्यांकडे अर्ज करतात आणि नुसते 'बीएस्सी ॲग्री' लिहून मोकळी होतात. पदवी पूर्ण नावाने लिहावी. ग्रामीण कार्यानुभवाच्या सत्रात गावात राहून शेतकऱ्यांबरोबर केलेले काम, घेतलेली प्रात्यक्षिके, माती परीक्षणाचे नमुने, हे कागदावर यायला नको का? गावोगाव फिरणारा प्रतिनिधी शोधणाऱ्या कंपनीला दुसरे काय हवे असते?

शेतीतले महिने लपवू नका

खंडाचा मुद्दा वर आला होता. आपली पोरे नोकरी सुटली की घरी येतात, शेतात राबतात आणि अर्जात तेवढा काळ कोरा सोडतात. यंत्राच्या दृष्टीने ते सात महिने पोरगा कुठे नव्हताच. लाज कसली बाळगता? भाच्याच्या कागदावर आम्ही महिने घालून लिहिले: घरची शेती, डाळिंब, चार एकर, ठिबक व खतांचे वेळापत्रक, फवारणीच्या नोंदी, मजुरांचा हिशेब. नात्यातल्या गृहस्थांनी ते वाचून सांगितले, "हे राहू द्या. नोंदी ठेवणारा माणूस आम्हाला शॉप फ्लोअरवरही लागतो." हे वाक्य ऐकून आमचे दाजी, म्हणजे पोराचे वडील, पहिल्यांदा या सगळ्या भानगडीत लक्ष घालू लागले. तोवर ते कोपऱ्यात बसून होते.

लेकींच्या बाबतीत हा मुद्दा दुप्पट लागू आहे. लग्नानंतर दोन-तीन वर्षे घरी गेली, आडनाव बदलले, आधारवर एक नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे. अर्जात एकच नाव शेवटपर्यंत ठेवावे आणि नाव बदलल्याचा कागद, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र, आधीच काढून ठेवावा. नोकरी ठरल्यावर कागद तपासणीत गाडी अडकते, तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो.

यंत्र पक्षपात करत नाही, असेही समजू नका. ॲमेझॉन कंपनीने अर्जांना गुण देणारी एक प्रणाली तयार करून पाहिली होती. तिला शिकवण्यासाठी कंपनीकडे मागच्या दहा वर्षांत आलेले अर्ज दिले, त्यांत पुरुषच जास्त. परिणामी अर्जात 'महिलांचा' संघ, 'महिलांचे' महाविद्यालय असा उल्लेख दिसला की ती गुण कमी करू लागली. कंपनीने ती गुंडाळली. २०१८ च्या ऑक्टोबरात रॉयटर्स वृत्तसंस्थेने ही बातमी जगापुढे आणली. माणसाची खोड यंत्राने उचलली, दुसरे काय! न्यूयॉर्क शहरात २०२३ च्या जुलैपासून अशी यंत्रे वापरणाऱ्या कंपन्यांना दरवर्षी त्यांची बाहेरच्या तपासनिसाकडून तपासणी करून घ्यावी लागते आणि उमेदवाराला तसे आधी कळवावे लागते. युरोपनेही २०२४ च्या कायद्यात भरतीच्या यंत्रांना जोखमीच्या वर्गात टाकले. आपल्याकडे भरतीच्या यंत्रांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. जिल्ह्यातून दिल्लीला जाणाऱ्यांनी हा प्रश्न कधीतरी विचारावा, एवढेच.

नको त्या युक्त्या

जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लिहायचे, म्हणजे माणसाला दिसत नाहीत आणि यंत्राला दिसतात, अशी एक युक्ती मोबाईलवर फिरते. करू नका. प्रणाली सगळा मजकूर साध्या काळ्या अक्षरांत उतरवते, साहेबाला तो तसाच दिसतो आणि पोरगा लबाड ठरतो. हल्ली चॅटजीपीटीकडून अर्ज लिहून घेण्याचीही चाल पडली आहे. इंग्रजी सुधारून घ्यायला हरकत नाही. पण ते नसलेली कौशल्येही बिनदिक्कत घालते, म्हणून ओळ न् ओळ वाचून बघावी. यंत्राच्या चाळणीतून खोटे निसटेल, पण पुढे मशीनवर उभे करून 'जॉब काढून दाखव' म्हणतात, तिथे ते उघडे पडते.

आणखी एक गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तिच्यापायी मी नोकऱ्या गेलेल्या पाहिल्या आहेत. पोराचा ई-मेल दुकानदाराने काढलेला, पासवर्ड दुकानदाराच्या वहीत, आणि नंबर बापाच्या जुन्या सिमचा, जे रिचार्जअभावी बंद पडलेले. मुलाखतीचे बोलावणे आले तरी कळायचे कुणाला? ई-मेल पोराने स्वतः काढावा, पासवर्ड स्वतःकडे ठेवावा, आणि नंबर असा द्यावा जो शेतातही लागतो. नोकरीच्या संकेतस्थळावर नाव असेल तर आठवड्या-पंधरवड्याला ते उघडून काहीतरी अद्ययावत करावे. अलीकडे कोण हालचाल करतो आहे, हे पाहूनही कंपन्यांना उमेदवार निवडता येतात.

पैशांचे तर स्पष्टच सांगतो. 'यंत्रातून अर्ज पास करून देतो' म्हणणाऱ्याला, मुलाखतीसाठी, ट्रेनिंगसाठी, गणवेशासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. खरी कंपनी नोकरी देताना पैसे मागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळण्याची आशा कमी.

सरकारी भरतीचे वेगळे. तिथे बायोडाटा चाळला जात नाही, ठरलेला फॉर्म आणि परीक्षा असते. तिथली भानगड कागदपत्रांची, तिच्यावर स्वतंत्रच लिहावे लागेल.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (२०२४ मध्ये नाव बदलले, गाव अजून ग्रामसेवकच म्हणते) आणि सरपंचांना एक विनंती. तुमच्या कार्यालयात संगणक आहे, प्रिंटर आहे, बऱ्याच ठिकाणी इंटरनेटही आहे. महिन्यातून एक दिवस दुपारी दोन तास पोरांसाठी ठेवा. साध्या कागदाचा एक नमुना करून भिंतीवर लावा आणि मराठी-इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्या शाळेच्या गुरुजींना बोलवा. यासाठी ठराव लागत नाही, निधीही लागत नाही. राज्याच्या महास्वयम संकेतस्थळावर आणि केंद्राच्या राष्ट्रीय करिअर सेवेवर नाव नोंदवणे फुकट आहे, तेही त्याच दुपारी होईल. शिकाऊ उमेदवारीच्या, म्हणजे अप्रेंटिसच्या जागाही ऑनलाईनच निघतात. आयटीआयवाल्यांना तो दरवाजा थेट नोकरीपेक्षा लवकर उघडतो.

भाच्याचे पुढे काय झाले, हे विचाराल. नवा कागद करून त्याने तेवीस अर्ज टाकले. पहिल्यासारखे दिसेल तिथे नाही, तर जाहिरात वाचून, तिच्याप्रमाणे दोन-चार शब्द पुढे-मागे करून. पाच ठिकाणांहून फोन आले. एका ठिकाणी तो मोजमापाच्या प्रश्नांत अडखळला. दोन ठिकाणी पगार एवढा कमी की खोलीभाडे आणि मेस जाऊन हाती काही उरले नसते. चौथ्यांनी तारीख दिली आणि परत फोनच केला नाही. पाचव्या कारखान्यात घेतले, तेही ठेकेदारामार्फत, अकरा महिन्यांच्या करारावर. कायम होईल की नाही, सांगता येत नाही. बहिणीचे गळ्यातले मात्र गळ्यातच आहे.

परवा तालुक्याला गेलो होतो तेव्हा मुद्दाम त्या दुकानात डोकावलो. वेलबुट्टीच्या चौकटीतला बायोडाटा अजून संगणकात होता. एक मुलगी समोर बसली होती आणि दुकानदार जुन्या फाईलीतले नाव पुसून तिचे नाव घालत होता. मी त्याला नवा नमुना पेनड्राइव्हमधून दिला. तो म्हणाला, "साधा दिसतो हो. गिऱ्हाईक पैसे देणार नाही याचे." मी म्हटले, तेवढेच पैसे घे, पण हाच दे. मुलीने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि विचारले, "काका, यात फोटो कुठं लावायचा?"